सत्तर टक्के म्हणजे नेमकी किती मुलं?

मागच्या वर्षी दिवाळीच्या आसपास भोकरदन तालुक्यातून मावशीचा फोन आला. माझा मावसभाऊ १९ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे पळणं, संध्याकाळी गोळा, आणि मधे वेळ मिळाला की गावातल्या पोरांबरोबर कबड्डी. उजवा खांदा तिसऱ्यांदा उतरला होता. पहिल्यांदा कबड्डीत पकड सोडवताना, दुसऱ्यांदा दुचाकीवरून पडून, तिसऱ्यांदा तर झोपेत कूस बदलताना. डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं होतं. मावशीचा प्रश्न सरळ होता. "तू यातच पीएचडी करतेस ना गं? मग सांग, ऑपरेशन केल्यावर परत तर नाही ना उतरणार?"

पोरानं व्हॉट्सअॅपवर एक्स-रेचा फोटो पाठवला. मी गुण मोजले. सात आले. आणि सांगून टाकलं, "मावशी, या ऑपरेशननंतर परत उतरायची शक्यता सत्तर टक्के आहे."

त्या वाक्यातला आकडा एका नावाजलेल्या पेपरमधला होता. हजारो डॉक्टर तो वापरतात, माझ्या सिनॉप्सिसमध्येही तो होता. तरीही ते वाक्य मी बोलायला नको होतं. का, ते सांगण्यासाठी हा सगळा प्रपंच. तुमच्यापैकी बरेचजण आत्ता पेटची तयारी करताय, सिनॉप्सिस लिहिताय. पेपर वाचणं म्हणजे गोषवारा वाचून शेवटचा टक्का उचलणं, अशी सवय मलाही होती. ती कुठे नडते ते बघा.

आधी खांदा समजून घेऊ. लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. चमच्यात लिंबाऐवजी आपल्या जालन्याची मोसंबी ठेवा. खांदा साधारण तसा आहे. दंडाच्या हाडाचा गोल भाग मोठा, आणि फऱ्यावरची खोबण उथळ व लहान. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो. खोबणीच्या कडेनं कूर्चेसारखी एक गादी असते, तिला लॅब्रम म्हणतात. खांदा पुढच्या बाजूला उतरला की बहुतेक वेळा ही गादी पुढच्या कडेपासून सुटते. लंडनच्या बँकार्टनी १९२३ मध्ये याच सुटलेल्या भागावर बोट ठेवलं, म्हणून ती परत शिवायच्या शस्त्रक्रियेला त्यांचं नाव आहे. दुसरी इजा गोळ्याला होते. तो खोबणीच्या कडेवर आदळतो आणि मागच्या बाजूला त्याला खाच पडते. हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० मध्ये तिचं वर्णन केलं. तिसरी गोष्ट, वारंवार उतरून उतरून खोबणीची पुढची कडच झिजते किंवा तुटते. चमच्याची कडच गेली तर मोसंबी कशी राहणार? अशा वेळी नुसती गादी शिवून भागत नाही. कोराकॉइड नावाचं चोचीसारखं हाड त्याच्या स्नायूसकट कापून खोबणीच्या पुढच्या कडेला स्क्रूनं बसवतात. ही लाटार्जे यांची १९५४ ची पद्धत.

(जाता जाता: हिप्पोक्रॅटिसनं वारंवार उतरणाऱ्या खांद्यासाठी काखेत तापलेल्या लोखंडानं डाग द्यायला सांगितलं होतं. व्रण आकसला की सांधा घट्ट होईल, हा हिशोब. आपल्याकडे डाग देणाऱ्यांना हसण्याआधी हे लक्षात असू द्या.)

तर प्रश्न असा: कोणत्या मुलाला नुसतं शिवणं पुरेल आणि कोणाला हाड बसवावं लागेल? हे ऑपरेशनच्या आधी कसं ओळखायचं? बाल्ग आणि ब्वालो यांनी २००७ मध्ये 'जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी'च्या ब्रिटिश आवृत्तीत यावर एक सोपा तोडगा दिला. सहा प्रश्न, एकूण दहा गुण. ऑपरेशनच्या वेळी वय २० किंवा कमी असेल तर २. स्पर्धात्मक पातळीवर खेळत असेल तर २. खेळ अंगाला अंग भिडणारा किंवा हात जोरानं डोक्यावर नेण्याचा असेल तर १. सांधा मुळात ढिला असेल तर १. हात बाहेरच्या बाजूला फिरवून काढलेल्या एक्स-रेत हिल-सॅक्सची खाच दिसत असेल तर २. आणि साध्या एक्स-रेत खोबणीच्या कडेची रेषा तुटलेली दिसत असेल तर २. सहापेक्षा जास्त गुण आले तर दुर्बिणीतून शिवल्यावर पुन्हा अस्थिर होण्याचा धोका ७० टक्के. सहा किंवा कमी असतील तर १० टक्के.

पेपरची ताकद आधी मान्य करू. एमआरआय लागत नाही, सीटी लागत नाही. दोन साधे एक्स-रे आणि पाच मिनिटांची तपासणी. जालन्यासारख्या जिल्ह्यात याचं मोल फार आहे. इथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं. त्याआधी कितीतरी वर्षं 'मोठं काही असलं की संभाजीनगर' हेच गणित होतं, आणि मंठा-परतूरकडच्या माणसाला तो पल्ला लहान नाही. शिवाय अभ्यास पुढे जात केलेला आहे, जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यातून उकरलेला नाही. सलग १३१ रुग्ण घेतले, प्रत्येकाचा किमान दोन वर्षं पाठपुरावा केला, सरासरी ३१.२ महिने. मी स्वतः वाचलेले कितीतरी प्रबंध २५-३० रुग्ण आणि सहा महिन्यांवर 'उत्कृष्ट निकाल' जाहीर करून मोकळे होतात. त्यांच्यापुढे हा पेपर फार वरचा आहे.

आता कागद-पेन घ्या. खरंच घ्या.

१३१ रुग्णांपैकी १९ जणांचा खांदा पुन्हा अस्थिर झाला, म्हणजे १४.५ टक्के. गोषवाऱ्यात दोन टक्केवाऱ्या आहेत: वरच्या गटात ७०, खालच्या गटात १०. पण वरच्या गटात माणसं किती? ते काढणं आठवीच्या बीजगणिताचं काम आहे. समजा वरच्या गटात 'क्ष' जण. मग क्षचे ७० टक्के, अधिक (१३१ वजा क्ष) यांचे १० टक्के, बरोबर १९. सोडवा. क्ष साधारण १० येतो. म्हणजे दहापैकी सात जण, आणि उरलेल्या १२१ पैकी १२. बेरीज १९. जुळलं.

ज्या 'सत्तर टक्क्यां'वर मी मावशीला घाबरवलं, ते सत्तर टक्के म्हणजे फ्रान्समधल्या सात मुलांची गोष्ट होती. दहापैकी सात. त्यात एक इकडचा तिकडे झाला असता तर ६० किंवा ८० झाले असते. दहापैकी सातचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढलात तर तो साधारण ३५ ते ९३ येतो. मावशीला मी असं म्हणायला हवं होतं: "धोका जास्त दिसतोय, पण तो तीनात एक आहे की दहात नऊ, ते या अभ्यासावरून सांगता येत नाही." हे वाक्य ऐकून तिनं काय केलं असतं कोण जाणे. पण ते खरं असतं.

दुसरी गोष्ट जरा सांख्यिकीतली आहे, पण सोडू नका. मुलाखतीत हमखास विचारतात. कुठल्याही भाकीत करणाऱ्या मॉडेलमध्ये एकूण रुग्ण किती यापेक्षा 'घटना' किती हे महत्त्वाचं असतं. इथे घटना म्हणजे पुन्हा अस्थिर झालेले खांदे. त्या फक्त १९. एक ढोबळ नियम १९९६ पासून शिकवला जातो: दर घटकामागे निदान १० घटना हव्यात. नंतरच्या संख्याशास्त्रज्ञांनी हा दहाचा आकडा काही दगडावरची रेघ नाही असं दाखवलंय, ते ठीक. पण सहा घटक आणि १९ घटना म्हणजे घटकामागे जेमतेम तीन. अशा वेळी मॉडेल त्या १३१ जणांच्या अंगाला मापात शिवलेल्या शर्टासारखं होतं. त्यांना चपखल बसतं, दुसऱ्याला घातलं की काखेत ताणतं. त्यातून 'सहापेक्षा जास्त' ही सीमारेषाही त्याच १३१ जणांकडे बघून ओढलेली. ज्या प्रश्नपत्रिकेवर अभ्यास केला, त्याच प्रश्नपत्रिकेवर परीक्षा दिल्यासारखं.

मग दुसऱ्यांच्या रुग्णांवर काय झालं? २०१५ मध्ये फाडणीस आणि सहकाऱ्यांनी १४१ रुग्णांवर हाच स्कोअर तपासला. त्यांच्याकडे चार किंवा जास्त गुण असलेल्यांमध्ये अपयश ७० टक्के, चारपेक्षा कमी असलेल्यांमध्ये ४ टक्के. बघा हं, तेच ७० टक्के, पण रेघ वेगळीच. त्याच्या आदल्या वर्षी कॅनडातल्या एका गटाला तर या स्कोअरवरून अपयश ओळखताच आलं नव्हतं. एकच फूटपट्टी तीन ठिकाणी लावली आणि तीन उत्तरं आली. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये यातलं फक्त पहिलं उत्तर असेल, तर गाइडनं ते परत पाठवायला हवं. माझं पाठवलं नाही. मला वाटतं, त्यांनीही गोषवाराच वाचला असावा. (हे वाचून कोण रागावेल ते मला माहितीय. रागावू दे.)

आता परत भोकरदनला येऊ. माझी खरी चूक संख्याशास्त्राच्या आधी झाली होती, आणि ती जास्त लाजिरवाणी आहे.

मी सात गुण कसे मोजले? वय १९, दोन. पोलीस भरती ही स्पर्धाच की, म्हणून दोन. कबड्डी, एक. एक्स-रेत खाच दिसत होती, दोन. सांधे ढिले नाहीत, कड शाबूत. झाले सात.

पहिला प्रश्न: पोलीस भरती हा 'स्पर्धात्मक खेळ' आहे का? स्कोअर बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर क्लबकडून खेळणारा खेळाडू असणार. आमचा पोरगा कुठल्याच संघाचा नाही. पण मैदानी चाचणी ५० गुणांची आहे, त्यात १६०० मीटर पळण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. त्या १५ गुणांसाठी तो दोन वर्षं रोज संध्याकाळी राबलाय. जालन्यातच राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे. त्या गणवेशाकडे बघत मोठी झालेली किती पोरं तुम्हाला पहाटे रस्त्यावर पळताना दिसतील. एखाद्या क्लब खेळाडूपेक्षा त्यांच्या खांद्याला कमी जोर लागतो असं कोण म्हणेल? पण नियमानं बघाल तर ते 'खेळत नाहीत'. म्हणजे दोन गुण द्यायचे की शून्य, हे माझ्या मर्जीवर. दोन दिले तर सात आणि ७० टक्के. शून्य दिला तर पाच आणि १० टक्के. एका शब्दाचा अर्थ लावण्यावर पोराचा धोका सातपट बदलतो!

दुसरा प्रश्न अजून वाईट. हिल-सॅक्सच्या खाचेला गुण कधी द्यायचे? हात बाहेर फिरवलेल्या एक्स-रेत दिसली तरच. कारण छोटी खाच हात आत फिरवला की दिसते आणि बाहेर फिरवला की लपते. बाहेर फिरवूनही दिसली, तर ती मोठी आहे असा तर्क. आता विचार करा, खांदा नुकताच बसवलेला, हात गळ्यात झोळीत अडकवलेला. तंत्रज्ञ एक्स-रे कसा काढणार? हात जसा असेल तसा, म्हणजे आत फिरलेला. मी फोटोत खाच बघितली आणि खूश होऊन दोन गुण दिले. हात कुठे फिरलाय हे बघितलंच नाही. ते एक्स-रेवरूनच कळतं. हात बाहेर असेल तर गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा कडेला स्पष्ट दिसतो. आत असेल तर तो लपतो आणि गोळा विजेच्या बल्बसारखा गुळगुळीत गोल दिसतो. महिन्याभरानं तोच फोटो परत उघडला. बल्ब.

म्हणजे ते दोन गुण द्यायचेच नव्हते. सात, पाच की तीन? तिन्ही शक्य. आणि तोपर्यंत मावशीनं पोराची भरती थांबवली होती.

इथे एक गैरसमज नको. मी असं म्हणत नाहीये की त्याला धोका नव्हता. तीनदा उतरलेला, त्यातला एकदा झोपेत, अशा १९ वर्षांच्या खांद्याला धोका आहेच. फाडणिसांच्या रेघेनं बघितलं तर पाच गुणांवरही तो वरच्या गटातच बसतो. हाडाची झीज किती महत्त्वाची, हे तर बर्कहार्ट आणि डी बीअर यांनी २००० मध्ये १९४ रुग्णांवर दाखवलंच होतं. हाडाचं मोठं नुकसान नसलेल्या १७३ पैकी फक्त ७ जणांचा खांदा परत अस्थिर झाला, आणि नुकसान असलेल्या २१ पैकी १४ जणांचा. चार टक्के आणि सदुसष्ट टक्के. तिथेही वरचा गट २१ चाच आहे, पण फरक इतका मोठा की लहान संख्येनंही तो झाकत नाही. दिशा पक्की आहे. माझी तक्रार आहे ती दिशा सांगणाऱ्या खुणेला मैलाचा दगड समजण्याबद्दल.

एवढं झाल्यावर मी 'तरुण मुलांमध्ये ९० टक्के परत उतरतो' या सर्वतोमुखी वाक्याच्या मागे लागले. तुम्हीही ते ऐकलं असेल. ऑपरेशन नको म्हणणाऱ्या आईबापांना ते हमखास ऐकवतात.

रो यांनी १९५६ मध्ये ५०० खांद्यांचा आढावा घेतला, त्यात विशीच्या आतल्यांमध्ये ८३ टक्के. मारान्स यांच्या १९९२ च्या पेपरमध्ये वाढ पूर्ण न झालेली २१ मुलं, आणि २१ च्या २१ जणांचा खांदा परत उतरला. शंभर टक्के! आणि २०१५ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून लेरू आणि सहकाऱ्यांनी १० ते १६ वयाच्या १,९३७ मुलांची नोंद तपासली, तर ३८ टक्के. आता सांगा, शंभर खरे की अडतीस?

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि हेच शिकायचं. २१ मुलं मोठ्या रुग्णालयात पोचलेली. जी मुलं एकदाच उतरून बरी झाली, ती तिथे पोचतीलच कशाला? उलट ओंटारिओच्या अभ्यासात 'परत उतरला' म्हणजे परत दवाखान्यात बसवून घेतल्याची सरकारी नोंद. घरीच बसवलेला, अर्धवट सरकून आपोआप आत गेलेला खांदा त्यात मोजलाच गेला नाही. जालन्यात असा नोंदींवरचा अभ्यास कराल तर काय होईल? हाडवैद्याकडे, तालमीत वस्तादाकडे, नाहीतर मित्रानं हात ओढून बसवलेले किती खांदे कुठल्याच रजिस्टरमध्ये येणार नाहीत. २०१८ ची महाराष्ट्र केसरी जालन्यात झाली तेव्हा गावोगावचे पैलवान इथे उतरले होते. कुस्तीच्या वर्तुळातल्या कुणालाही विचारा, 'खांदा सरकला आणि बसवला' याची नोंद कुठे ठेवतात ते. तुमच्या अभ्यासात टक्का कमी आला तर तो खांदा बरा असल्यामुळे आला की रजिस्टर कोरं असल्यामुळे, हे आधीच लिहून ठेवावं लागेल.

शब्दही नीट तपासा. २३ मार्च २०२१ ला पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना श्रेयस अय्यरच्या डाव्या खांद्याला इजा झाली. क्रिकेट मंडळाच्या निवेदनात 'सबलक्सेशन' होतं, म्हणजे अर्धवट सरकणं. बातम्यांमध्ये सर्रास 'खांदा निखळला' आलं. ८ एप्रिलला शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये तो आयपीएलमध्ये परतला. संशोधनात हे दोन शब्द एकाच रकान्यात टाकले की वेगळ्या, यावर तुमचा निकाल पंधरा-वीस टक्क्यांनी सहज हलू शकतो. आणि हो, अय्यरचं उदाहरण माझ्या मावसभावाला लावू नका. त्याच्यामागे रोजचा फिजिओ होता. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एसटीनं जायचं म्हटलं तरी एक मजुरी बुडते.

काळाचं सांगितल्याशिवाय थांबता येणार नाही, कारण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते स्वीडनच्या होव्हेलियस यांनी. १९७८-७९ मध्ये २७ रुग्णालयांतून पहिल्यांदाच खांदा उतरलेले, चाळिशीच्या आतले रुग्ण घेतले, ऑपरेशन न करता उपचार केले आणि २५ वर्षं पाठपुरावा केला. पंचवीस वर्षं! एवढ्या काळात आपल्याकडे तीन गाइड निवृत्त होतात. शेवटी २२९ खांद्यांचा हिशोब लागला. ४३ टक्के परत कधीच उतरले नाहीत. ७ टक्के एकदाच. २७ टक्क्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. आणि १४ टक्के असे, जे वारंवार उतरत होते पण पुढे शस्त्रक्रियेशिवाय आपोआप स्थिर झाले. १२ ते २५ वयाच्यांमध्येही निम्मे खांदे परत उतरले नाहीत किंवा काळाच्या ओघात स्थिर झाले. एडिनबरोचा रॉबिन्सन यांचा २००६ चा अभ्यास १५ ते ३५ वयाच्या २५२ जणांचा. त्यात दोन वर्षांत ५६ टक्के आणि पाच वर्षांत ६७ टक्के अस्थिर झाले. दोघं शेजारी ठेवून बघा. पाच वर्षांवर थांबलात तर चढती रेघ दिसते. पंचवीस वर्षं थांबलात तर त्यातले काही जण शांतपणे खाली उतरताना दिसतात. त्याच स्वीडिश रुग्णांच्या एक्स-रेत २५ वर्षांनी फक्त ४४ टक्के खांदे पूर्ण नॉर्मल होते, हेही सांगायला हवं. 'उतरला नाही' आणि 'बरा आहे' हे एकच नव्हे.

पण लक्षात घ्या, हे सगळे पहिल्यांदा उतरलेले खांदे. माझ्या मावसभावाचा तिसऱ्यांदा उतरला होता. पहिल्यांदा उतरलेल्यांचा आकडा वारंवार उतरणाऱ्याला लावणं ही माझ्या क्षेत्रातली सगळ्यात सामान्य चूक आहे. परीक्षकांच्या नजरेतून ती बऱ्याचदा सुटते, रुग्णाच्या घरून मात्र नाही. 'वय कमी, म्हणून ९० टक्के, म्हणून ऑपरेशन' या साखळीतली पहिली कडी एका गटातून येते आणि शेवटची दुसऱ्याच गटाला लावली जाते.

मावसभावानं ती भरती सोडली. मावशीनं त्याला मोसंबीच्या आडतीवर लावलं. दिवसभर भरलेले क्रेट उचलायचे आणि टेंपोत वरच्या थरापर्यंत चढवायचे. आता त्या स्कोअरमध्ये बसवा त्याला. स्पर्धात्मक खेळ? नाही, शून्य. भिडणारा खेळ, हात डोक्यावर नेण्याचा खेळ? खेळतच नाही, शून्य. खाच बाहेरच्या फिरवण्यात दिसते की नाही, माहीत नाही. वय वीसच्या आत, दोन. म्हणजे भरती सोडून हमाली धरल्यावर कागदावर त्याचा खांदा एकदम सुरक्षित झाला. आणि २१ वा वाढदिवस झाला की उरलेले दोन गुणही जातील. फूटपट्टी खेळाडूंसाठी बनवली होती, तिच्याकडून हमालाचं माप निघणार नाही. यात बाल्ग-ब्वालोंचा दोष नाही. त्यांनी आपल्या रुग्णांबद्दल लिहिलं. ती उचलून इकडे आणणाऱ्या आपल्यासारख्यांनी बघायचं असतं.

फेब्रुवारीत मी त्याला घेऊन संभाजीनगरला गेले. यावेळी सीटी केला, खोबणीची कड मोजली. पुढे काय करायचं ते तो आणि त्याचे सर्जन ठरवताहेत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बाहेर बाकड्यावर बसलो असताना त्यानं विचारलं, "ताई, परत उतरेल की नाही ते राहू दे. ऑपरेशननंतर गोळा किती लांब जाईल?"

बँकार्टनंतर हात बाहेर फिरवण्याची मर्यादा किती कमी होते, यावर आकडे सापडतील. खेळाडू खेळात परतले का, यावरही. सव्वासात किलोचा गोळा ढकलणाऱ्या, संघ नसलेल्या, प्रशिक्षक नसलेल्या पोरांवर मी वाचलेल्या पेपरांत मला एकही ओळ सापडली नाही.

माझ्या माहितीपत्रकात 'खेळ: होय / नाही' असा एक रकाना होता, गाइडनं मंजूर केलेला. तो खोडलाय. त्या जागी तीन प्रश्न घातलेत: दिवसभरात हात डोक्याच्या वर नेऊन काय काय करता? कुठल्या भरतीची तयारी करताय का, आणि त्यात गोळाफेक आहे का? खांदा शेवटचा कोणी बसवला? तिसऱ्या प्रश्नाला पर्याय दिलेत: डॉक्टर, हाडवैद्य, वस्ताद, मित्र, स्वतः. पायलटमधल्या पहिल्या पाच जणांपैकी दोघांनी 'स्वतः'वर खूण केली. पाचावरून टक्केवारी काढणार नाही, एवढं तरी आता शिकलेय.